हृदयामागची बोटं

दिवा आहे तसाच राहू द्या, फार मोठा करू नका. आणि रात्रीची गोष्ट असेल म्हणून सरसावून बसला असाल तर आधीच सांगतो, ही भर दुपारची आहे. भुताला रात्रच लागते हे कुणी ठरवलं कुणास ठाऊक. इस्पितळात तर दुपारच जास्त वाईट. सकाळची धावपळ संपलेली असते, संध्याकाळची सुरू व्हायची असते, आणि मधल्या वेळात लांबलचक कॉरिडॉरमधून स्वतःच्याच पायांचा आवाज ऐकत चालावं लागतं.

तर अशा एका दुपारी एकोताई आपलं मशीन ढकलत वरच्या मजल्यावर निघाली होती. एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. छातीवर जेली लावायची, त्यावर प्रोब टेकवायचा आणि पडद्यावर आतलं हृदय बघायचं, हे तिचं काम. इतकी वर्षं तेच केल्यामुळे सगळं इस्पितळ तिला एकोताईच म्हणायचं. खरं नाव बहुधा हजेरीपुरतंच उरलं होतं.

दिवस कोरोनाचे होते. वरचा मिटिंगचा हॉल रिकामा करून तिथे खाटा टाकल्या होत्या. डोक्यापासून पायापर्यंत तो प्लास्टिकचा सूट, हातात दोन-दोन मोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि चष्म्यावर आपल्याच श्वासाची वाफ. मशीनलासुद्धा प्लास्टिक गुंडाळलेलं. दार उघडलं की औषधाचा, सॅनिटायझरचा आणि न बदललेल्या चादरींचा मिळून एक वास यायचा, तो मास्कमधूनही यायचाच.

आज ज्याचा एको करायचा होता तो परका नव्हता. तिचा सख्खा दीर होता. घरात त्याला सगळे पैलवान म्हणायचे, कारण फुंकर मारली तर उडेल अशी त्याची तब्येत. लिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. शहरभरच्या लिफ्टी चालत्या करायचा आणि स्वतः राहायचा अगदी वरच्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. सासूबाई म्हणायच्या, "ह्याच्या नशिबी जिनेच." आणि तो हसायचा. हसणं हा त्याचा दुसरा धंदा.

"या वहिनी," तो म्हणाला. चेहरा उतरला होता, आवाज बारीक झाला होता, पण डोळे तेच. "ओळखलं मी. ह्या सगळ्या अंतराळवीरांत तुमचीच चाल तेवढी तुरतुरीत."

"भाऊजी, बोलू नका. डाव्या कुशीवर व्हा."

"बोलू नका काय. आज सोडतायत मला. ऑक्सिजन एकदम झकास आलाय. विचारा सिस्टरला."

ते खरंच होतं. वॉर्डात सगळ्यांचं लक्ष त्या एका आकड्यावर असायचं. तो वर गेला की माणूस सुटला, खाली गेला की पळापळ. पैलवानाचा आकडा वर होता, ताप उतरला होता, आणि बाहेर खाटांसाठी रांग लागली होती. जाता जाता एक एको करून टाकू, असं हृदयाच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, म्हणून एकोताई आली होती. नाहीतर तोही झाला नसता.

तिने प्रोब टेकवला. त्याने डोळे मिटले, आणि जरा वेळाने हलक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, हसणार नसाल तर एक सांगू?"

"सांगा."

"शेजारचा गेला ना... त्या दिवसापासून माझ्या छातीत कुणीतरी आहे."

एकोताईने शेजारच्या खाटेकडे पाहिलं. नवी चादर घातलेली. अजून कुणाला दिली नव्हती.

"दुखतंय?"

"नाही हो. त्रास काही देत नाही. नुसतं... धरून आहे."

"खोकून खोकून बरगड्या धरल्यात तुमच्या," ती म्हणाली. "घरी जाऊन झोपा. सासूबाई दोन दिवसांत सरळ करतील."

आता इथे एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. एरवी एको करायला निवांत वेळ घेतात, बसल्या जागी मापंही घेतात. त्या दिवसांत तसं करायची सोय नव्हती. पेशंटजवळ जितका वेळ कमी तितकं बरं, म्हणून सगळीकडे एक पद्धत पडून गेली होती. प्रत्येक बाजूने हृदयाचा एकच ठोका मशीनमध्ये साठवायचा, आणि मापं मग बाहेर येऊन, सूट उतरवून, निवांत घ्यायची. साठवलेला तो एक ठोका पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरत राहतो. बघणाऱ्याला वाटतं हृदय चालू आहे. खरं म्हणजे तो एकच ठोका असतो.

पैलवानाचा श्वास अजून धापेचा होता. चित्र येत होतं, जात होतं. जो ठोका स्वच्छ दिसला तो एकोताईने पकडला. दुसऱ्या बाजूने दुसरा पकडला. दोन्ही चांगले होते. दाराशी इन्चार्ज सिस्टर वाट बघत होती, तिला एकोताई म्हणाली, "ठीक वाटतंय." सिस्टरने फोनवर मॅडमना तेच सांगितलं, आणि पैलवान सुटला.

सूट उतरवून, आंघोळ करून, चहाचा कप घेऊन एकोताई तळमजल्यावरच्या आपल्या खोलीत येऊन बसली. त्या खोलीला खिडकी नाही. पडदा नीट दिसावा म्हणून दिवाही बारीक ठेवतात. एसीची घरघर तेवढी चालू होती. तिने दिराचं चित्र लावलं. ठोका फिरू लागला. छान, भरदार ठोका. तिच्या मनात आलं, न्यायला आलेली धाकटी जाऊ आता त्याला घेऊन घरी पोचतही असेल. जीव टांगणीला लागला होता सगळ्यांचा इतके दिवस. चहा गोड लागला.

मग तिने माप घ्यायला हृदयाची भिंत मोठी करून पाहिली, आणि कप खाली ठेवला.

दंड वळवला की बेटकुळी येते की नाही? हृदयाच्या भिंतीचंही तसंच. ती आकसते तेव्हा जाड होते, तिलाही बेटकुळी येते. इथे भिंत आत येत होती, झोकात येत होती, पण जाड होत नव्हती. जराही नाही. बाहेर जाताना जेवढी, आत येताना तेवढीच. स्नायू स्वतः काही करतच नव्हता. सुजून निपचित पडला होता. मग ती भिंत आत येत होती कशी?

एकोताईने चित्रातला उजेड वाढवला आणि हृदयाच्या मागे पाहिलं.

मागे चार पांढुरक्या पट्ट्या होत्या. शेजारी शेजारी. सावल्या पडतात बरगड्यांच्या, ती रोज बघायची. पण ह्या पट्ट्या वाकत होत्या. हृदय फुगलं की सरळ होत, आणि आत यायची वेळ झाली की वाकून भिंतीवर दाबल्या जात. समोरच्या बाजूने एक आखूड, जाड पट्टी येत होती. तीही त्याच वेळी दाबली जात होती. ठोका फिरत होता. मिटत होत्या, उघडत होत्या. मिटत होत्या...

तिने ओढणीच्या टोकाने पडदा पुसला. मग स्वतःचा हात वर केला, मूठ अर्धी वळली, आणि उघडमीट करून पाहिली. पडद्यावर तेच चाललं होतं.

दुसऱ्या बाजूचा ठोका लावायला तिचा हात धजेना. तरी लावला. ह्या बाजूने बोटांची टोकं दिसत होती, आणि प्रत्येक टोकावर नखाएवढी चकाकी.

घाबरली का? घाबरली, खोटं कशाला बोलू. अंगावर सरसरून काटा आला, पाठ भिंतीला टेकली. पण त्या काट्याच्याही आधी एक विचार आला, आणि तो भुताचा नव्हता. ते जिने, हा विचार होता. हे असलं हृदय घेऊन भाऊजी जिने चढतायत.

तिने फोन केला तशा डॉक्टर मॅडम धावत आल्या. वाकून त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.

"मागे काय आहे हे?" त्या म्हणाल्या. "बरगड्यांच्या सावल्या असतील."

"बरगड्या मिटत नाहीत, मॅडम."

मॅडमनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. "ते काय आहे ते आपण मागाहून बघू," त्या म्हणाल्या. "ही भिंत स्वतःहून हलत नाहीये, एवढं मला कळलं. व्हायरसने हृदयच धरलंय ह्याचं. पेशंट कुठे आहे?"

"घरी गेला."

"मी अँब्युलन्स काढते. तुम्ही फोन लावा."

फोन धाकटीने उचलला. मागून जिन्यात घुमतो तसला आवाज येत होता.

"अगं, कुठे आहात तुम्ही?"

"हे काय, जिन्यात. आता शेवटचाच मजला राहिलाय. ह्यांना जरा दम लागलाय, म्हणून पायरीवर बसलेत. ताई, सासूबाईंनी वर ओवाळायची तयारी..."

"ऐक माझं. त्यांना उठू देऊ नकोस. एक पायरी वर नाही, एक पायरी खाली नाही. जिथे बसलेत तिथेच भिंतीला टेकवून बसव. आम्ही येतोय."

धाकटी शहाणी. का, कशाला, असं एका शब्दाने विचारलं नाही. "बरं," एवढंच म्हणाली. नवऱ्याला टेकवल्याचा, पिशवी सरकवल्याचा आवाज आला. मग तिचाच आवाज, पण बदललेला.

"ताई... हे काहीतरी म्हणतायत."

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत... धरलेलं सुटतंय."

एकोताई तोवर अँब्युलन्समध्ये चढली होती. ड्रायव्हर गाडी गेटमधून बाहेर काढत होता. इतके दिवस त्या हाताने पैलवानाचं हृदय दाबत, सोडत, दाबत, सोडत चालतं ठेवलं होतं. खाटेवर पडल्या माणसाचं चालवणं वेगळं आणि जिने चढणाऱ्याचं वेगळं. तो हातही दमला होता. कुणाचाही असो, दमला होता.

"ताई, ओठ निळे पडलेत ह्यांचे..."

"फोन स्पीकरवर टाक," एकोताई म्हणाली, "आणि त्यांच्या छातीवर ठेव."

"काय?"

"ठेव गं."

फोन ठेवल्याचा खरखराट झाला. शेजारचा ड्रायव्हर ऐकतोय हे तिला माहीत होतं, पण लाजायला वेळ कुणाला होता.

"तुम्ही कोण आहात मला ठाऊक नाही," ती फोनमध्ये म्हणाली. "विचारणारही नाही. इथवर धरलंत, तुमचे उपकार आहेत. आता थोडं अजून धरा. आम्ही निघालोय. सोडू नका."

पलीकडून उत्तर आलं नाही. यायला ते काही माणूस नव्हतं. पण छातीवर ठेवलेल्या त्या फोनमधून एक बारीकसा आवाज आला. ओलसर, सावकाश. हातातून घसरणारी जड वस्तू कुणी पुन्हा नीट पकडावी, तसला. ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं, आणि पाय ॲक्सिलरेटरवर दाबला तो उचललाच नाही.

पैलवान जिवंत सापडला. खुर्चीत बांधून अँब्युलन्सच्या माणसांनी त्याला मजल्यामजल्याने खाली आणलं. प्रत्येक दारात मास्क लावलेले शेजारी उभे होते. खाली गाडीत घालताना त्याने डोळे किलकिले करून वहिनीकडे पाहिलं. "परत खालीच?" एवढं म्हणाला.

त्या संध्याकाळचा एको मात्र एकोताईने एकाच ठोक्यावर उरकला नाही. सूटमध्ये घामाच्या धारा लागल्या तरी ती प्रोब धरून उभी राहिली, मॅडम तिच्या खांद्याशी. आणि सलग बघितल्यावर सगळं उघडं पडलं. हात एक ठोका द्यायचा, मग थरथरायचा, दुसरा अर्धाच द्यायचा, तिसरा चुकवायचा. मधल्या वेळात हृदय नुसतं फडफडायचं. दुपारी तिने निवडून जे साठवले होते, ते हाताने दिलेले चांगले ठोके होते. रक्तही तेच बोललं. हृदयाला इजा झाली की रक्तात जे वाढतं ते भलतंच वाढलेलं होतं.

"पकडला," मॅडम दातओठ खात म्हणाल्या. कुणाला उद्देशून ते विचारू नका.

मग लढाई सुरू झाली. सूज उतरवायची औषधं, हृदयावरचा भार हलका करायची औषधं, शिरेतून थेंब थेंब चालणारं एक, आणि पैलवानाला कूस बदलायलाही परवानगी नाही. मॅडम घरी जायच्या बंद झाल्या. सिस्टर वाकून वाकून मॉनिटर बघायची. एकोताई रोज मशीन ढकलत यायची, आणि रोज आधी मागे बघायची. हात होता. सुरुवातीला तर तो इतका थकलेला दिसायचा की तिला रडू यायचं, दिरासाठी की हातासाठी ते तिचं तिलाही कळायचं नाही. वॉर्डात कुणी ह्याविषयी बोलत नव्हतं. पण त्या शेजारच्या रिकाम्या खाटेवर पेशंट घालायची वेळ आली, तेव्हा सिस्टरने न सांगता ती खाट दुसरीकडे हलवली.

मग एक दिवस एकोताईला भिंतीच्या एका कोपऱ्यात किंचितशी बेटकुळी दिसली. तिला वाटलं डोळे दमलेत. दुसऱ्या दिवशी ती मोठी होती. आणि हात... हात आता प्रत्येक ठोक्याला दाबत नव्हता. जिथे स्नायू जागा झाला होता तिथलं बोट अलगद उचललेलं होतं. लहान मुलाची सायकल धरून पळणारा बाप हळूच एक बोट सोडून बघतो ना, तसं. मग दुसरं बोट उचललं. मग तिसरं.

आणि एका दुपारी तिने प्रोब टेकवला तेव्हा मागे काही नव्हतं. नुसता अंधार होता, असायला हवा तसा. त्या अंधारासमोर पैलवानाचं हृदय एकटं, स्वतःच्या ताकदीने, भिंती फुगवून फुगवून ठोके देत होतं. इतकं सुंदर चित्र तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. ती चष्म्याच्या आत ढसाढसा रडली, आणि तो चष्मा काढून पुसताही येत नव्हता.

"वहिनी," पैलवान म्हणाला, "गेलं."

"हो, भाऊजी. गेलं."

"जाताना थोपटून गेलं."

तो घरी गेला त्या दिवशी एकोताईने रजा टाकली. सगळे जिने तो स्वतःच्या पायांनी चढला. प्रत्येक मजल्यावर थांबून, मिशीत हसत, शेजाऱ्यांना कठड्याची रंगरंगोटी नीट नाही म्हणून ऐकवत चढला. वर दारात सासूबाई उभ्या होत्या. लेकाच्या छातीला कान लावून कितीतरी वेळ नुसत्या उभ्या राहिल्या, आणि मग मागे वळून थोरल्या सुनेचे हात आपल्या कपाळाला लावले. आयुष्यात पहिल्यांदा. धाकटी भिंतीकडे तोंड करून रडत होती. एकोताईला त्या क्षणी आपण फार मोठं काहीतरी जिंकलोय असं वाटलं, आणि ते खरंच होतं. मरणाच्या हातातून माणूस ओढून आणला होता त्यांनी. भरल्या घरात तो परत आला होता.

इस्पितळातली ती एका ठोक्याची पद्धत मॅडमनी त्याच आठवड्यात मोडून काढली. घाम येऊ दे, पाय दुखू देत, हृदय सलगच बघायचं. बऱ्या होऊन गेलेल्यांनाही परत बोलावून बघायचं. कितीतरी जणांची हृदयं तशी सापडली, सुजलेली, आतून थकलेली, आणि वेळेवर सापडली म्हणून वाचली. दर वेळी मॅडम विचारायच्या, "मागे?" आणि एकोताई म्हणायची, "मागे काही नाही." दोघींनाही बरं वाटायचं.

पुढे साथ ओसरली. अशाच एका दुपारी पोहणं शिकवणारी एक बाई आली. उंचीपुरी, खणखणीत आवाजाची, गालांवर लाली. घरीच बरी झाली होती, साधा ताप आला होता म्हणे. तलावावर परत रुजू व्हायला इस्पितळाचा शेरा हवा होता, तेवढ्यासाठी आलेली. "मला काही झालेलं नाही हो ताई," ती हसत म्हणाली आणि कुशीवर झाली.

एकोताईने प्रोब टेकवला. हृदय उत्तम. भिंतींना बेटकुळी. सगळं जागच्या जागी.

मागे हात होता.

दाबत नव्हता. शिवतही नव्हता. नुसता उघडा पसरलेला, तळवा हृदयाकडे करून, वाट बघत असल्यासारखा.

एकोताई घाबरली, पण आता तिचं भय कामाला आलं होतं. ते कशाची वर्दी देतं हे तिला ठाऊक होतं. आवाज अगदी साधा ठेवून तिने फोन उचलला. "मॅडम, एका पेशंटला आज ठेवून घ्यावं लागेल. रक्तही पाठवते."

"काही दिसतंय?"

"हृदयात अजून काही नाही."

"आणि मागे?"

"आहे."

"आले. सोडू नका तिला."

"काय झालं?" बाई उशीवरून मान वळवून म्हणाली.

"काही होणार नाही तुम्हाला," एकोताई म्हणाली, आणि तिचा शब्द खरा ठरला, हे आत्ताच सांगून ठेवतो. ती बाई आजही पोरांना पाण्यात ढकलते. पण ते पुढचं. तेव्हा, मॅडमना दाखवण्यासाठी म्हणून एकोताईने बटण दाबून चित्र जागच्या जागी थांबवलं, प्रोब उचलला आणि बाजूला ठेवून दिला. पडद्यावर हृदय थांबलं. झडपा अर्ध्या उघड्या राहून थांबल्या. खाली धावणारी ठोक्यांची हिरवी रेघ थांबली.

बोटं मात्र सावकाश मिटू लागली.